बारीक माणसाची जाडी

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन माणसांचा एक फोटो छापून आला. शेजारी शेजारी उभे असलेले दोन संशोधक. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही शिडशिडीत. वजन आणि उंचीच्या प्रमाणावरून जो बीएमआय काढतात, तो दोघांचाही सारखाच, २२.३. मग दोघांच्या शरीरातली चरबी मोजली गेली. युडकिनांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून या प्रकाराला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ असं नाव पडलं.

आपल्याकडच्या हृदयविकाराबद्दल, वजनाबद्दल, रक्तातल्या साखरेबद्दल काही समजून घ्यायचं असेल तर सुरुवात या फोटोपासून करावी, असं मला वाटतं. कारण आपल्या घराघरांत अजूनही एक वाक्य ठामपणे बोललं जातं: ‘तो कसला डायबेटिसवाला, अंगावर मूठभर मांस नाही त्याच्या!’ हेच वाक्य माणसाला तपासणीपासून पाच-दहा वर्षं लांब ठेवतं. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, पण शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली, असा माणूस आपण रोज लोकलमध्ये, एसटीत, बँकेच्या रांगेत पाहतो. वजनकाट्यावर त्याचं सगळं ठीक असतं. खरी गोष्ट दडलेली असते पोटात, यकृताच्या आत.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा आणखी मागे नेला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये त्यांनी बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, बारीक चणीच्या बायका. त्यांची बाळं जन्मली तेव्हा सरासरी वजन होतं साधारण २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. बाळांची पोटं लहान, दंड बारीक, स्नायू कमी. पण खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र इंग्रज बाळांच्या जवळपास पोचणारी. अडीच-पावणेतीन किलोचं बाळ, आणि त्याच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त. आईच्या पोटात अन्न तोकडं पडलं की शरीर आधी मेंदू जपतं, थोडी चरबी राखतं आणि स्नायूंवर खर्च कमी करतं. त्याच बाळाला पुढे खुर्चीतली नोकरी, दुचाकी आणि चार वेळचं पिष्टमय खाणं मिळालं, की वाढीव साखर साठवायला त्याच्याकडे स्नायूंचं कोठार अपुरं असतं. ती चरबी होऊन पोटात जाते.

२०२३ मध्ये ‘आयसीएमआर-इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. १,१३,०४३ लोकांच्या तपासणीवरून काढलेला अंदाज असा: भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. राज्यांमध्ये सगळ्यात वर होता गोवा, २६.४ टक्के. दर चार प्रौढांमागे एक! याच पाहणीतले आणखी दोन आकडे मला जास्त बोलके वाटतात. बीएमआयने मोजलेला लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत होता आणि पोटाच्या घेराने मोजलेला ३९.५ टक्क्यांत. मधल्या अकरा टक्क्यांत आपला तो ताणलेल्या बटणांचा माणूस आहे.

म्हणून वजनकाट्याच्या आधी घरातली शिवणकामाची टेप काढावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजावं. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की धोका सुरू झाला, असं आपल्याकडच्या लोकांसाठी मानतात. पँटचा नंबर पाहून अंदाज करू नये. पँट पोटाच्या खाली घातली जाते.

*

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईत आणि आता नाशिक-कोल्हापुरातही ‘फंक्शनल न्यूट्रिशन’ अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. या विचाराची मुळं दोन जागी सापडतात. जपानने १९९१ मध्ये आरोग्यासाठी विशिष्ट उपयोग असलेल्या खाद्यपदार्थांना सरकारी मान्यता देणारी पद्धत सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत जेफ्री ब्लँड यांनी फंक्शनल मेडिसिनची संस्था काढली. विचार साधा आहे. साखर वाढली तर साखरेची गोळी, कोलेस्टेरॉल वाढलं तर त्याची गोळी, दाब वाढला तर आणखी एक, असं सुटं सुटं न पाहता या सगळ्यांच्या मुळाशी काय बिघडलंय ते शोधायचं आणि अन्नाने ते कितपत सावरता येतं ते पाहायचं.

हा प्रश्न योग्य आहे आणि आपल्यासाठी तर फारच योग्य. कारण हृदय, वजन आणि साखर या तीन तक्रारी घेऊन आपण तीन डॉक्टरांच्या दारात उभे राहतो, पण शरीरात त्यांचा कारभार एकत्रच चालतो. यकृतात चरबी साठली की ते इन्शुलिनला दाद देईनासं होतं. रात्रभर आपण उपाशी असताना ते रक्तात साखर सोडतच राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते. तेच यकृत जास्तीची चरबी रक्तात ढकलतं. अहवालात ती ट्रायग्लिसराइड या नावाने दिसते. ती वाढली की एचडीएल, म्हणजे आपण ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते घटतं. उरलेली चरबी स्वादुपिंडात जाऊन बसते आणि तिथल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी थकतात. आपल्याकडच्या अहवालांत ‘ट्रायग्लिसराइड वर, एचडीएल खाली, साखर काठावर’ ही तिकडी इतक्यांदा दिसते, ती यामुळे. हृदयविकाराचा झटका आपल्याकडे लवकर येण्यात तिचा मोठा हात आहे. ‘इंटरहार्ट’ या बावन्न देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका आला तेव्हा त्यांचं सरासरी वय ५३ होतं. इतर देशांतल्या रुग्णांचं होतं जवळपास ५९. मुलाचं शिक्षण आणि घराचं कर्ज, दोन्ही डोक्यावर असतानाची ती सहा वर्षं.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे प्रा. रॉय टेलर यांनी याच यकृत-स्वादुपिंडाच्या चक्राची मांडणी केली आणि मग ती तपासून पाहिली. २०११ मध्ये त्यांनी अकरा मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरींच्या आसपास आहार दिला. पहिल्या सात दिवसांतच यकृतातली चरबी उतरली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. पुढे ‘डायरेक्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत, वजन उतरवणाऱ्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षअखेरीस औषधांशिवाय आटोक्यात होता. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के.

पण आपल्यासाठी टेलरांचं सगळ्यात मोलाचं काम ‘रीट्यून’ हा छोटा अभ्यास आहे. यातले वीस मधुमेही लठ्ठ नव्हतेच. त्यांचा बीएमआय २१ ते २७ होता. त्यांनी साधारण साडेसहा टक्के वजन उतरवलं आणि वीसपैकी चौदा जणांची साखर औषधांशिवाय ताळ्यावर आली. साठ किलोच्या माणसासाठी साडेसहा टक्के म्हणजे चार किलो. प्रत्येक शरीराची चरबी सुखरूप सांभाळण्याची आपापली मर्यादा असते, ती ओलांडली की बिघाड सुरू होतो, असं टेलर म्हणतात. आपली मर्यादा जन्मापासून खाली आहे. म्हणून आपण बारीक असूनही जाड आहोत. आणि म्हणूनच थोडं उतरवूनही पुष्कळ मिळवू शकतो. ही बातमी आपल्या बारीक मधुमेहींना कुणी नीट सांगतच नाही. त्यांना सांगितलं जातं की तुमचं वजन ठीक आहे, गोड सोडा.

*

गोड तर सोडावंच. पण आपल्या ताटाची खरी अडचण साखरेच्या डब्यात कमी आणि पिठाच्या डब्यात जास्त आहे.

मध्यमवर्गीय मराठी घरातला एक सर्वसाधारण दिवस घ्या. सकाळी चहा आणि बिस्किटं. मग पोहे किंवा उपमा. दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची नाहीतर दुधीची भाजी, वरणभात. चारला चहा, सोबत खारी किंवा टोस्ट. संध्याकाळी मूठभर चिवडा. रात्री पुन्हा पोळी-भाजी, किंवा आज कंटाळा आलाय म्हणून नुसती खिचडी. यात वाईट म्हणावं असं एकही नाव नाही. सगळं घरचं, ताजं, सात्त्विक. पण गहू, तांदूळ, पोहे, रवा, मैदा, बटाटा हे वेगवेगळ्या वेषात एकच काम करतात. प्रथिनं म्हणाल तर वरणाची ती एक पातळ वाटी. त्यात पंचवीस ग्रॅम डाळ असेल तर प्रथिनं पडतात पाच-साडेपाच ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला लागतात पन्नासच्या आसपास.

२०२५ मध्ये ‘इंडियाब’च्याच आहारविषयक भागाचे निष्कर्ष आले. भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखरेचा. पुढे जे आढळलं ते प्रत्येक मराठी स्वयंपाकघराने लक्षात घ्यावं असं आहे. पिष्टमय पदार्थांचा फक्त पाच टक्के वाटा कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूधदुभतं, अंडी किंवा मासे यांतली प्रथिनं आली, तर मधुमेहाची आणि त्याच्या उंबरठ्यावर येण्याची शक्यता घटलेली दिसली. उलट, एकूण प्रमाण तेवढंच ठेवून फक्त पांढऱ्या धान्याऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणलं, तर तसा फरक दिसला नाही.

भरडधान्य वर्ष साजरं झाल्यापासून ज्वारी-नाचणी-बाजरीला जे दिवस आलेत, त्यांचा मला मनापासून आनंद आहे. सोलापूरच्या मालदांडीची भाकरी जगातल्या कुठल्याही पावापेक्षा मला प्रिय आहे. तिच्यात चोथा आहे, खनिजं आहेत, कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार आहे. पण भाकरीही धान्याचीच असते. तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकरी आल्या आणि बाकी ताट तसंच राहिलं, तर यकृताला फारसा फरक कळणार नाही. तिनाची दीड झाली आणि उरलेल्या जागी झुणका आला, तर कळेल. ज्वारीच्या पिठाची बिस्किटं आणि नाचणीचे गोड लाडू यांच्याबद्दल तर यापुढे काही सांगायची गरजच नाही.

आणि झुणक्याबद्दल, एकूणच डाळी-कडधान्यांबद्दल, सांगायची आहे. शंभर ग्रॅम कच्च्या मुगात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, तांदळात सात-आठ. मुगाची, मटकीची, हुलग्याची, वालाची उसळ, पिठलं, शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी, अख्ख्या मसुराची आमटी, जवसाची, कारळाची चटणी. आपल्या स्वयंपाकाचा हा कणा होता. पोळीभाजीच्या डब्याच्या सोयीत तो मोडला. उसळ आठवड्यातून एकदा करायची गोष्ट झाली आणि बटाटा रोजचा झाला. पन्नास ग्रॅम मटकी भिजवून मोड आणून केलेली उसळ, एकट्या माणसापुरती, एका जेवणाला दहा-बारा ग्रॅम प्रथिनं देते आणि सोबत असा चोथा, जो साखर हळूहळू रक्तात उतरू देतो. मुंबईत प्रथिनांच्या पावडरीचा एक डबा ज्या किमतीला येतो, तेवढ्यात एका कुटुंबाचं कित्येक महिन्यांचं कडधान्य येतं.

चोथ्यावरून कॅनडातल्या टोरोंटोचे डॉ. डेव्हिड जेंकिन्स आठवतात. ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कुठला पदार्थ रक्तातली साखर किती वाढवतो याचं माप, ही कल्पना जगाला दिली ती त्यांनी, १९८१ मध्ये. पुढे त्यांनी कोलेस्टेरॉल उतरवणारे वेगवेगळे पदार्थ एका ताटात एकत्र आणले: ओट्स, बार्ली आणि इसबगोलासारखा चिकट चोथा, सोयाबीन, बदाम, वनस्पतींतले स्टेरॉल. २००३ मध्ये त्यांनी दाखवलं की नेमून दिलेल्या अशा आहाराने महिन्याभरात वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं. स्टॅटिनच्या गोळीने उतरलं सुमारे ३१ टक्के. त्या ताटात चिकट चोथ्यासाठी जेंकिन्सनी ज्या दोन भाज्या घेतल्या होत्या, त्या होत्या भेंडी आणि वांगं! हाच आहार लोकांनी आपापल्या घरी पाळला तेव्हा उतार तेरा-चौदा टक्क्यांवर आला, कारण घरी माणूस माणसासारखा वागतो. तरी तेवढा उतारही छोटा नाही. मात्र ज्याला झटका येऊन गेलाय किंवा जोखीम मोठी आहे, त्याने भेंडीच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये. ताट आणि गोळी यांचं भांडण लावणाऱ्यांनी आपल्याकडे बरीच माणसं अकाली घालवली आहेत.

तेलाबद्दल थोडक्यात. स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ या साडेसात हजार लोकांच्या चाचणीत ऑलिव्ह तेल किंवा बदाम-अक्रोड यांची जोड दिलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसलं. त्यावरून आपल्याकडे ऑलिव्ह तेलाच्या बाटल्या आल्या. आपल्या फोडणीला शेंगदाण्याचं, करडईचं, तिळाचं, मोहरीचं तेल आलटून पालटून चालतं. प्रमाण महत्त्वाचं. तळून उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. कोकणात आणि गोव्यात नारळ जेवणाचा जीव आहे, तो काढून टाकायला कुणी सांगू नये. पण ओल्या नारळाचं वाटण आणि खोबरेल हे दोन्ही ताटात भरभरून असतील, तर त्यातली संपृक्त चरबी मोजावी लागते. त्याच किनाऱ्यावरचा बांगडा आणि तारली हे ओमेगा-३ चे आपले सगळ्यात स्वस्त साठे आहेत. ते तव्यावर भाजावेत. रव्यात घोळून तळले की फायदा घटतो.

*

ताटात काय आहे इतकंच महत्त्व कोणत्या क्रमाने खातो यालाही असू शकतं. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये डॉ. अल्पना शुक्ला आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अकरा मधुमेहींना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. एकदा आधी पाव आणि मग भाजी-चिकन. एकदा आधी भाजी-चिकन आणि शेवटी पाव. दुसऱ्या क्रमाने तासाभरानंतरची साखर ३७ टक्क्यांनी कमी होती. माणसं फक्त अकरा, म्हणून त्यावर महाल बांधू नये. पण हे करून पाहायला पैसे पडत नाहीत. आपल्या पंगतीत पहिला घास वरणभाताचा असतो. घरच्या जेवणात तो शेवटी नेता येईल. आधी कोशिंबीर, मग उसळ किंवा आमटीची वाटी, मग भाकरी, मग भूक उरली तर भात. पहिल्या दोन वाट्या संपेपर्यंत भाताची ओढ निम्मी झालेली असते, हे ज्यांनी करून पाहिलंय ते सगळे सांगतात.

आणि जेवण झाल्यावर शतपावली. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये मधुमेहींवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातून कधीही तीस मिनिटं चालणं आणि प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालणं यांची तुलना. जेवणानंतर चालल्यावर त्या वेळची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. मांड्या आणि पोटऱ्या या शरीरातल्या मोठ्या स्नायूंना काम लागलं की ते इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. आपल्या आजोबांनी अंगणात जे केलं त्यामागचं हे शास्त्र आहे. सोसायटीच्या आवारात रात्री नऊला आजी-आजोबा, सूनबाई, मुलं सगळी दहा मिनिटं फिरताना दिसली, तर त्या इमारतीचा मधुमेह माझ्या मते निश्चित खाली येईल.

किती वेळा खावं, यावर महाराष्ट्रात गेली काही वर्षं घरोघरी वाद झाले. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसात दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत मांडली. गावोगावी त्यांची व्याख्यानं झाली, हॉल भरले. या चळवळीचं एक मोठं श्रेय कुणी नाकारू नये: तिने सामान्य मराठी माणसाला इन्शुलिन हा शब्द दिला, आणि चहा-बिस्किट-चिवड्याच्या अखंड साखळीवर पहिल्यांदा बोट ठेवलं. अनेकांचं वजन उतरलं, साखर उतरली. पण २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथली एक वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात उष्मांक कमी करून खाण्याचे तासही बांधून दिलेला गट आणि फक्त उष्मांक कमी केलेला गट यांच्यात वजनाचा लक्षणीय फरक पडला नाही. माझं मत असं झालंय की दोन वेळच्या जेवणाचा मोठा फायदा मधलं खाणं बंद होण्यात आहे. ज्याला तीन वेळा जेवून ते जमतं त्याने तीनदा जेवावं. ज्याला दोन सोसतं त्याने दोनदा. मात्र इन्शुलिन टोचून घेणाऱ्याने किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण वगळू नये. साखर एकदम घसरून घाम फुटणं, हात थरथरणं, शुद्ध हरपणं, हे घरात कुणी नसताना झालं तर जिवावर बेतू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने प्रथिनं वाढवण्याआधी विचारावं. गरोदर बाईने असले प्रयोग करूच नयेत.

उपासाचंही तेच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि रताळ्याच्या चकत्या खाल्ल्या, तर त्या दिवशी साखर इतर दिवसांहून वर जाते. राजगिरा, वरीसोबत दही, दाण्याची आमटी, एखादं फळ, एवढ्यावर उपास छान होतो. आणि दिवाळीत समोर फराळ असेल तर तो आनंदाने खावा. दिवाळीच्या चार दिवसांनी कुणाचं यकृत बिघडत नाही. उरलेल्या तीनशे साठ दिवसांच्या बिस्किटांनी बिघडतं.

*

फंक्शनल या शब्दाचा धंदाही झालाय, आणि त्याबद्दल मला चीड आहे. हजारो रुपये घेऊन शंभर-दोनशे पदार्थांच्या ‘असहिष्णुता’ चाचण्या विकल्या जातात. रक्तातल्या आयजीजी प्रतिद्रव्यांवरून सांगितलं जातं की दूध बंद, गहू बंद, हरभरा बंद. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या चाचण्या करू नयेत असं स्पष्ट सांगितलंय. ती प्रतिद्रव्यं बहुतेकदा एवढंच दाखवतात की तो पदार्थ तुम्ही खात आलात. मधुमेहाच्या भीतीने आधीच गोंधळलेल्या माणसाच्या ताटातून हरभरा आणि दूध काढून घ्यायचं आणि त्याला पावडर विकायची, याला उपचार म्हणता येत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हेही तसंच. हृदयासाठी दुधीचा रस प्यायची एक लाट आली होती. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी कडू लागला तर त्यात कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य असतं. तो रस ताबडतोब फेकावा, असं तेव्हा सांगितलं गेलं. मेथीचे दाणे, दालचिनी, जांभळाच्या बियांची पूड यांच्या परिणामांवर अभ्यास आहेत, मेथीचे त्यातल्या त्यात बरे आहेत. पण त्यांचा उपयोग ताट सुधारल्यावर थोडी भर घालण्यापुरता आहे. ताट तसंच ठेवून सकाळी चमचाभर पूड घेणाऱ्यांची साखर तिथेच राहते.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते इतर ठिकाणी करावेत. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी, चरबीची तपासणी, रक्तदाब, आणि शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी आहे. पुणे परिसरातल्या खेड्यांत, वस्त्यांत आणि शहरात राहणाऱ्या पुरुषांच्या एका पाहणीत दोन-तृतीयांश लोकांत ते कमी निघालं होतं. तळपायाची बधिरता मधुमेहाच्या खात्यावर टाकून कित्येक जण वर्षानुवर्षं बसतात. ती काही वेळा बी-१२ च्या इंजेक्शनांनी सुधारते.

*

इथवर सगळं चाळिशी-पन्नाशीच्या माणसाबद्दल झालं. पण पुण्याच्या त्या सहा खेड्यांनी जे दाखवलं ते खरं असेल, तर चाळिशीत ताट बदलणं हा उशिरा घेतलेला निर्णय आहे. त्याच खेड्यांत असं आढळलं होतं की गरोदरपणी ज्या बायकांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त होतं, त्यांची बाळं थोडी मोठी होती. पुढे बाळं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलांच्या शरीराचा इन्शुलिनला प्रतिसाद मंद असण्याकडे कल होता. फोलेटच्या गोळ्या वाटायच्या आणि बी-१२ विसरायचं, याचा हा परिणाम असू शकतो.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये त्या पालेभाजी-फळं-दुधाच्या निष्कर्षाचा पाठपुरावा झाला. ‘सारस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीत डॉ. रमेश पोतदार आणि साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या चमूने साडेसहा हजार बायकांना, मूल होण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला. एका गटाचा खाऊ पालेभाजी, फळं आणि दुधाचा. दुसऱ्या गटाचा बटाटा-कांद्यासारख्या साध्या भाज्यांचा. समोशासारखा, भज्यासारखा, वस्तीतल्या कुणालाही परका न वाटणारा पदार्थ. कॅप्सूल नाही, पावडर नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण दुसऱ्या गटात १२.४ टक्के होतं, पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या सरासरी वजनात फरक पडला नाही. पण ज्या बायकांनी दिवस राहण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन ४८ ग्रॅमने जास्त भरलं.

दिवस राहण्याआधी तीन महिने. आपल्या आदिवासी भागांत २०१५ पासून चालणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना गरोदर बाईला दिवसातून एक चौरस जेवण देते. ती फार चांगली योजना आहे. पण तिचं ताट गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून वाढलं जातं. पुण्यात २०१२ पासून त्याच खेड्यांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ देण्याची चाचणी सुरू झाली, कारण बापाचं आणि आईचं शरीर बाळाच्या आधीच घडलेलं असतं. हाच विचार सरकारी ताटापर्यंत न्यायचा असेल, तर शाळेतल्या खिचडीत भात कमी आणि डाळ-शेंगदाणे-पालेभाजी जास्त करावी लागेल. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत अंडं किंवा दूध रोज पोचेल हे पाहावं लागेल. दहावी-बारावीच्या मुलींच्या डब्यात पोळी-बटाट्याऐवजी उसळ जावी म्हणून आयांशी बोलावं लागेल. जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकांत हे खर्च बसणारे आहेत. डाळीचा आणि अंड्याचा भाव माहीत असलेली कुणीही गृहिणी ते आकडे करून देईल.